मोजायचा ग्रह, पण आधी तारा

कालेय तारकासमूहात एडासिच नावाचा एक नारिंगी तारा आहे. साध्या डोळ्यांनी दिसतो, आपल्यापासून साधारण 101 प्रकाशवर्षांवर आहे. 2002 मध्ये त्याच्याभोवती एक ग्रह सापडल्याचं जाहीर झालं. फुगून राक्षसी झालेल्या ताऱ्याभोवती सापडलेला हा पहिला ग्रह. त्याचं वस्तुमान निघालं गुरूच्या निदान 8.9 पट. 2011 मध्ये तोच ग्रह 12.6 पट भरला. 2021 मध्ये पुन्हा हिशेब झाला, तेव्हा आकडा 11.8 च्या आसपास आला.

ग्रह काही असा वीस वर्षांत जाड-बारीक होत नाही. त्याच्या निरीक्षणांतही मोठी चूक नव्हती. बदललं होतं ते ताऱ्याचं वस्तुमान. पहिल्या हिशेबात तारा सूर्याच्या 1.05 पट धरला होता, दुसऱ्यात 1.82 पट, तिसऱ्यात 1.54 पट. तारा वर-खाली झाला आणि ग्रह त्याच्यामागून फरफटत गेला. यात गंमत अशी की गुरूच्या सुमारे 13 पटींना एक सीमारेषा मानली जाते. तिच्यापुढच्या वस्तूच्या गाभ्यात ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, जळू शकतं आणि तिला ग्रह न म्हणता तपकिरी बटू म्हणतात. म्हणजे ताऱ्याच्या मापात जरा इकडेतिकडे झालं, तर ग्रहाची जातच बदलायची वेळ येते.

हे असं का होतं, हे समजायला ग्रह मुळात सापडतो कसा ते बघू. हातोडाफेक करणारा खेळाडू गरागरा फिरताना पाहा. हातोडा एका बाजूला खेचतो, म्हणून तो स्वतः थोडा दुसऱ्या बाजूला झुकतो. आता कल्पना करा की हातोडा अदृश्य आहे आणि तुम्हाला फक्त खेळाडूचं झुकणं दिसतंय. त्यावरून हातोडा किती जड हे सांगायचं, तर खेळाडू किती जड हे आधी माहीत हवं. किरकोळ माणूस जेवढ्या हातोड्याने झुकेल, तेवढ्याने पैलवान झुकणार नाही.

ताऱ्याचं झुकणं वर्णपटात दिसतं. तारा आपल्याकडे सरकला की वर्णपटातल्या काळ्या रेषा किंचित निळ्या बाजूला जातात, दूर गेला की तांबड्या बाजूला. गुरूमुळे सूर्य सेकंदाला सुमारे 12.5 मीटर वेगाने डुलतो, म्हणजे चांगल्या धावपटूपेक्षा थोडा जास्त. एडासिचचं डुलणं सेकंदाला 300 मीटरच्या घरात आहे आणि एका फेरीला 511 दिवस लागतात. हे दोन आकडे दुर्बिणीतून थेट मिळतात. ग्रहाचं वस्तुमान काढताना मात्र त्यात ताऱ्याचं वस्तुमान घालावं लागतं, तेही दोन-तृतीयांश घाताने. तारा दीडपट जड निघाला तर ग्रह साधारण 1.3 पट जड होतो. वर 'निदान' हा शब्द आला तो वेगळ्या कारणासाठी. कक्षा आपल्या नजरेच्या रेषेला किती कललेली आहे हे या पद्धतीत कळत नाही, त्यामुळे मिळतं ते कमीत कमी वस्तुमान. ती अडचण सगळ्याच ताऱ्यांना आहे, तिला इथेच सोडू.

ग्रह दुसऱ्या रीतीनेही सापडतो. तो ताऱ्यासमोरून गेला की प्रकाश किंचित कमी होतो. पण इथेही तीच रड आहे. प्रकाश किती टक्के घटला यावरून ग्रहाचा आकार ताऱ्याच्या तुलनेत मिळतो, स्वतंत्र नाही. गुरूएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला तर साधारण एक टक्का प्रकाश अडतो. सूर्याच्या दहापट त्रिज्येच्या ताऱ्यासमोरून गेला तर दहा हजारात एक भाग. सूर्यासमोरून पृथ्वी गेल्यावर जेवढी सावली पडते, जवळपास तेवढीच. म्हणून राक्षसी ताऱ्यांभोवतीचे बहुतेक ग्रह डुलण्यावरूनच सापडले आहेत.

मग इतका त्रास असताना या म्हाताऱ्यांच्या मागे लागायचंच कशाला? कारण जड ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधायला दुसरी सोपी वाट नाही. सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाचा तारा तरुणपणी खूप तापलेला असतो आणि भन्नाट वेगाने स्वतःभोवती फिरत असतो, सेकंदाला शंभर किलोमीटर किंवा त्याहून जास्त. त्याच्या वर्णपटात रेषा मोजक्याच, आणि त्याही फिरण्यामुळे पसरट होऊन पुसट झालेल्या. अशा रेषेचं काही मीटरांचं सरकणं मोजणं म्हणजे धुक्यात सुईचं नाक शोधणं. तोच तारा गाभ्यातला हायड्रोजन संपवून फुगला की थंड होतो, फिरणं मंदावतं आणि वर्णपटात हजारो बारीक, धारदार रेषा उमटतात. तरुणपणी हाती न लागलेला तारा म्हातारपणी सापडतो. लिक वेधशाळेतून 373 राक्षसी ताऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली ती यासाठीच. जपानमध्ये ओकायामाहून, कोरियात बोह्युनसानहून, आणि पेनसिल्व्हेनिया व पोलंडमधल्या तोरुनच्या खगोलशास्त्रज्ञांनी टेक्ससमधल्या हॉबी-एबर्ली दुर्बिणीतून असाच शोध चालवला.

तांबडा राक्षसी तारा म्हणजे नेमकं काय प्रकरण असतं, याचा अंदाज यायला एक उदाहरण घेऊ. सूर्याएवढंच वस्तुमान, पण त्रिज्या दहापट. पृष्ठभागाचं तापमान सूर्याच्या 5,772 केल्विनऐवजी 4,800 च्या आसपास. थंड असूनही पसारा एवढा की तो सूर्याच्या जवळपास पन्नासपट प्रकाश फेकतो. पृष्ठभागावरचं गुरुत्व सूर्याच्या शंभरावा भाग, म्हणजे मंगळापेक्षा कमी आणि चंद्रापेक्षा जास्त. आणि सरासरी घनता सूर्याच्या हजारावा भाग. घन मीटरला साधारण 1.4 किलो. आपण श्वासात घेतो ती हवा 1.2 किलोची असते. सरासरीवर जाऊ नका, मधला गाभा भयंकर दाट असतो, पण बाहेरचा सगळा डोलारा हवेपेक्षाही विरळ आहे.

आता या डोलाऱ्याचं वजन करायचं. तारे मोजण्याची नेहमीची रीत अशी: तेजस्विता आणि तापमान काढायचं, एका आलेखावर तो ठिपका मांडायचा, आणि निरनिराळ्या वस्तुमानाचे तारे आयुष्यभर कोणत्या वाटेने जातात त्या गणिती वाटा त्याच आलेखावर काढून ठिपका कोणत्या वाटेवर पडतो ते बघायचं. तरुण ताऱ्यांच्या वाटा एकमेकींपासून सुट्या असतात, त्यामुळे काम भागतं. राक्षसी ताऱ्यांच्या भागात मात्र सूर्याएवढ्या, दीडपट आणि दुप्पट ताऱ्यांच्या वाटा एकाच बोळात घुसतात. त्यात धातूंचं प्रमाण वाढलं की वाट थंड बाजूला सरकते. म्हणजे धातू जास्त असलेला दुप्पट वस्तुमानाचा तारा आणि धातू कमी असलेला दीडपट वस्तुमानाचा तारा एकाच जागी येऊन उभे राहू शकतात. शिवाय काही तारे पहिल्यांदा फुगत वर चाललेले असतात, तर काही वर जाऊन, गाभ्यात हेलियम पेटवून, आकसून खाली आलेले असतात. दोघांचा पत्ता एक, आयुष्याचा टप्पा वेगळा.

(खगोलशास्त्रात हेलियमपेक्षा जड असलेलं सगळंच 'धातू'. ऑक्सिजनही धातू, कार्बनही धातू. रसायनशास्त्राच्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो, पण इलाज नाही.)

म्हणून ठिपका शक्य तितका अचूक हवा. सुरुवात होते वर्णपटातल्या लोखंडाच्या रेषांपासून. लोखंडाच्या अणूतले इलेक्ट्रॉन खालच्या ऊर्जापातळीवर किती आणि वरच्या पातळीवर किती, हे तापमानावर ठरतं. दोन्ही प्रकारच्या रेषा मोजायच्या, आणि असं तापमान शोधायचं की प्रत्येक रेषेवरून लोखंडाचं प्रमाण सारखंच निघेल. गुरुत्वासाठी युक्ती आणखी सुंदर आहे. काही लोखंडाचे अणू अख्खे असतात, काहींचा एक इलेक्ट्रॉन निसटलेला असतो. वायू विरळ असेल तर निसटलेल्या इलेक्ट्रॉनला परत चिकटायला अणू लवकर भेटत नाही, त्यामुळे निसटलेल्यांची संख्या जास्त राहते. गुरुत्व कमी म्हणजे वातावरण विरळ. तेव्हा या दोन प्रकारांच्या रेषांची तुलना केली की पृष्ठभागावरचं गुरुत्व हाती येतं. तापमान, दाब आणि हे निसटणं यांचं नातं मेघनाद साहांनी 1920 मध्ये मांडलं. शंभर वर्षांनीही ताऱ्याच्या वर्णपटाचं काम त्या समीकरणावाचून पुढे सरकत नाही.

एवढं करूनही गुरुत्वात पंचवीस टक्क्यांची चूक सहज राहते. वस्तुमान म्हणजे गुरुत्व गुणिले त्रिज्येचा वर्ग, तेव्हा ही चूक जशीच्या तशी वस्तुमानात उतरते. त्रिज्येतली चूक तर दुप्पट होऊन उतरते.

त्रिज्येचं काम मात्र आता बरंच सोपं झालंय. अंतर कळलं की दिसणाऱ्या प्रकाशावरून खरी तेजस्विता कळते, आणि तेजस्विता व तापमान यांवरून त्रिज्या. अंतरं आधी हिपार्कोस उपग्रहाने मोजली, नंतर 2013 मध्ये सुटलेल्या गैयाने त्यांची अचूकता कुठल्या कुठे नेली. जवळच्या मोठ्या ताऱ्यांची तर थेट रुंदीच मोजता येते. एकमेकांपासून लांब ठेवलेल्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणायचा, आणि त्या प्रकाशलहरी मिसळून उमटणाऱ्या पट्ट्यांवरून चकतीचा आकार काढायचा. 1920 मध्ये मायकेलसन आणि पीझ यांनी माउंट विल्सनवर काक्षी (बीटलज्यूस) या ताऱ्याची रुंदी याच तत्त्वावर, पण एकाच दुर्बिणीवर लांब बसवलेल्या आरशांनी मोजली होती. त्याच डोंगरावर आज सहा दुर्बिणींचा चारा नावाचा संच आहे, त्यातल्या सर्वांत लांबच्या दोघींत सुमारे 330 मीटर अंतर आहे. पुनर्वसूच्या जोडीतला जास्त तेजस्वी तारा, पोलक्स, असा मोजला की चकती भरते एका अंश-सेकंदाच्या (म्हणजे अंशाच्या 3,600 व्या भागाच्या) हजारातले आठ भाग. 500 किलोमीटरवरून 2 सेंटीमीटरची वस्तू बघावी तेवढी. 34 प्रकाशवर्षांचं अंतर धरलं की सूर्याच्या सुमारे नऊपट त्रिज्या निघते. एडासिचचं 1.82 हे वस्तुमान अशाच मोजणीतून आलं होतं. रुंदी पक्की होती, पण तिच्यावरून वस्तुमानाकडे जायला शेवटी त्याच गर्दीच्या बोळातून जावं लागलं.

त्या बोळाला वळसा घालणारी वाट सापडली ती ताऱ्याच्या थरथरण्यातून.

ताऱ्याच्या बाहेरच्या थरांत गरम वायू उकळत्या पाण्यासारखा वर-खाली होत असतो. त्या खळबळीने आत ध्वनिलहरी उठतात, अख्खा तारा घंटेसारखा वाजत राहतो आणि त्याचं तेज अगदी किंचित कमी-जास्त होतं. सूर्याचा हा ठोका साधारण पाच मिनिटांचा आहे. दहापट त्रिज्येच्या राक्षसी ताऱ्याचा ठोका सात ते नऊ तासांचा. मोठ्या घंटेचा आवाज खर्जातला असतो, तसंच. यातून दोन आकडे मिळतात. पहिला, सर्वांत जोरात वाजणारा सूर कोणता. तो पृष्ठभागाच्या गुरुत्वावर ठरतो. दुसरा, लागोपाठच्या सुरांमधलं अंतर. ते सरासरी घनतेवर ठरतं. एकीकडे गुरुत्व, दुसरीकडे घनता. गुरुत्वात वस्तुमान भागिले त्रिज्येचा वर्ग असतो, घनतेत वस्तुमान भागिले त्रिज्येचा घन. दोन समीकरणं, दोन अज्ञात संख्या. तापमान तेवढं वर्णपटातून उसनं घ्यायचं, आणि वस्तुमान व त्रिज्या दोन्ही सुटतात.

अर्थात फुकट काही मिळत नाही. या गणितात वस्तुमान सुरांमधल्या अंतराच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. त्या अंतरात दोन टक्के चूक झाली की वस्तुमानात आठ टक्के. आणि सगळा हिशेब सूर्याला मापाचा दगड मानून केलेला असतो, तर राक्षसी तारा म्हणजे काही फुगवलेला सूर्य नव्हे, त्यामुळे दुरुस्त्या कराव्या लागतात. तरीही जिथे आधी वीस-तीस टक्के अनिश्चितता होती, तिथे ती आता दहाच्या आत येते. एडासिचचं 1.54 हे 2021 चं वस्तुमान टेस या अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या अशाच थरथरीतून आलं.

या पद्धतीने एक जुना वादही उकरून निघाला. मध्यंतरी अशा 'निवृत्त' जड ताऱ्यांभोवती पुष्कळ ग्रह सापडले होते, आणि तारा जड असेल तर गुरूसारखे मोठे ग्रह जास्त, असा निष्कर्ष निघत होता. 2011 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जेम्स लॉइड यांनी शंका काढली. जड तारा फुगलेल्या अवस्थेतून भराभर पुढे जातो, मग आकाशात सहज निवडलेल्या यादीत एवढे जड तारे सापडतीलच कसे? तुमच्या यादीतले बरेच तारे खरं तर सूर्यासारखेच असणार, तुम्ही ते जड समजताय. मला हा युक्तिवाद फार आवडतो. दुर्बिणीला हातही न लावता, निव्वळ मोजणीच्या शक्यतेवर बोट ठेवलेलं. 2017 मध्ये दोन गटांनी थरथरीवरून वस्तुमानं ताडून पाहिली. एका गटाला, सूर्याच्या 1.6 पटींहून जड समजलेले तारे पंधरा-वीस टक्क्यांनी जास्त धरले गेल्याचं दिसलं. दुसऱ्या गटाला सरसकट तसा कल आढळला नाही. म्हणजे लॉइड यांनी म्हटलं तेवढी मोठी चूक नव्हती, पण धूर अगदीच आगीशिवाय नव्हता. लिकच्या 373 ताऱ्यांवरून आलेलं चित्र असं, की मोठे ग्रह मिळण्याची शक्यता सूर्याच्या 1.9 पट वस्तुमानापाशी सर्वांत जास्त असते आणि अडीच-तीन पटींच्या पुढे ती कोसळते. हा शिखराचा आकडाही शेवटी ताऱ्यांच्या वस्तुमानांवरच उभा आहे.

इथपर्यंत ग्रह आहे हे गृहीत धरलं होतं. राक्षसी ताऱ्यांच्या बाबतीत तेही धरून चालत नाही.

पुन्हा कालेय तारकासमूहातच जाऊ. तिथला सर्वांत तेजस्वी तारा एल्टानिन, हाही राक्षसी. याच ताऱ्याचं अंतर मोजायला निघालेल्या जेम्स ब्रॅडली यांना अठराव्या शतकात अंतर सोडून प्रकाशाचं अपेरण (पृथ्वीच्या गतीमुळे तारा जरा सरकलेला दिसणं) हा वेगळाच शोध लागला होता, त्यामुळे हा तारा चकवण्यात मुरलेला म्हणायला हरकत नाही. 2003 ते 2011 पर्यंत तो 702 दिवसांच्या लयीत अगदी शिस्तीत डुलत होता. गुरूच्या 10.7 पट ग्रह, असा हिशेबही बसत होता. निरीक्षकांनी घाई केली नाही, बघत राहिले. आणि 2011 नंतर डुलणं थांबलं. दोन-तीन वर्षांनी परत सुरू झालं, पण ताल चुकवून. ग्रह असा सुट्टीवर जात नाही. तो ताऱ्याच्याच अंगातला काहीतरी लांब मुदतीचा बदल होता.

असा चकवा ओळखायलाही ताऱ्याची मापंच लागतात. समजा ताऱ्याच्या पृष्ठभागावर मोठा डाग आहे. तारा फिरेल तसा डाग समोर येईल, जाईल, आणि रेषा सरकल्याचा भास होईल. या भासाचा कालावधी ताऱ्याच्या फिरण्याएवढा असणार. सूर्याच्या दहापट त्रिज्येचा तारा सेकंदाला 1 किलोमीटर वेगाने फिरत असेल तर एका फेरीला सुमारे 500 दिवस लागतात, 2 किलोमीटरने फिरत असेल तर 250. आता या ताऱ्यांभोवती सापडणाऱ्या ग्रहांचे कालावधी बघा: तेही काहीशे दिवसांचेच. त्रिज्या आणि फिरण्याचा वेग माहीत नसेल तर ग्रह आणि डाग यांत फरक करणार कसा? 1993 मध्ये हॅट्झेस आणि कॉक्रन या खगोलशास्त्रज्ञांनी स्वाती, रोहिणी आणि पोलक्स या तिघांत शेकडो दिवसांचं डुलणं टिपलं होतं. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह जाहीर व्हायला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता. पण हे तारा फिरल्यामुळेही होऊ शकतं, म्हणून त्यांनी हात आखडता घेतला. पोलक्सचा ग्रह 2006 मध्ये मान्य झाला, सुमारे 590 दिवसांचा. पुढे ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राच्या मोजमापांवरून त्याचं फिरणंही त्याच्या बऱ्याच जवळच्या कालावधीचं निघालं आणि प्रश्न पुन्हा उघडला. रोहिणीच्या ग्रहाबद्दल 2015 मध्ये दावा झाला, 2019 मध्ये त्यावर शंका घेतली गेली. एडासिचच्या ग्रहावर मात्र कुणी बोट ठेवलेलं नाही. त्याची कक्षा इतकी लांबट आहे की तारा बराच काळ संथ सरकतो आणि मग अचानक झटका घेतो. असा आकार डागातून किंवा थरथरीतून येत नाही.

ताऱ्याचं माप बदलल्यावर गोष्ट किती उलटी होऊ शकते, हे ध्रुवमत्स्यातल्या बेकदू नावाच्या ताऱ्याने दाखवलं. कोरियातल्या शोधात 2015 मध्ये त्याच्याभोवती 93 दिवसांत फेरी मारणारा हल्ला नावाचा ग्रह सापडला होता. (दोन्ही नावं कोरियन डोंगरांची आहेत; मराठी वाचकाला दचकायचं कारण नाही.) तारा पहिल्यांदाच फुगत वर चाललाय असं धरलं, तर त्यात काही विशेष नव्हतं. पण राक्षसी ताऱ्याच्या थरथरीत गाभ्यातून आलेले सूरही मिसळलेले असतात. गाभ्याभोवतीच्या कवचात हायड्रोजन जळत असेल तर त्या सुरांच्या कालावधींतलं अंतर साधारण 50 सेकंद असतं, गाभ्यात हेलियम पेटलेलं असेल तर 100 ते 300 सेकंद. एकाच पत्त्यावर राहणारे ते दोन भाडेकरू असे ओळखू येतात, हे 2011 मध्ये केप्लर अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून कळलं. 2023 मध्ये टेसच्या नोंदींतून बेकदूचे सूर तपासले आणि तो हेलियम जाळणारा निघाला. म्हणजे तो एकदा पुरता फुगून, परत आकसलेला तारा आहे. फुगला तेव्हा तो पृथ्वी-सूर्य अंतराच्या 0.7 पटींपर्यंत पोचला असणार. ग्रह आहे 0.46 पटींवर. ताऱ्याने त्याला गिळायला हवं होतं.

एक शक्यता अशी मांडली गेली की बेकदू आधी दोन तारे होते. ते एकमेकांत विलीन झाले, त्यामुळे पूर्ण फुगण्याची पाळीच आली नाही आणि ग्रह वाचला. दुसरी अशी की तो ग्रह त्या विलीनीकरणात उडालेल्या वायूतूनच नंतर जन्मला. दोन्हींतलं खरं कोणतं, ते अजून ठरलेलं नाही. ग्रहाचे जुने आकडे मात्र जवळपास तेच आहेत: 93 दिवस, 0.46.